इमॅक्स एका मशीनवर नीट, दुसऱ्यावर मोडलेला: इनिट फाइलमधल्या ‘सिस्टिम-टाइप’च्या अटी कशा साफ करायच्या

लक्षणं बहुतेकांकडे सारखीच असतात. घरच्या मॅकवर इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर छान चालतो. त्याचीच सेटिंगची फाइल, इनिट.ईएल, गिटमधून (फाइलच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर आणली की फॉन्टच्या ओळीवर एरर येते आणि त्या ओळीखालचं काहीच लोड होत नाही. ना थीम, ना की-बाइंडिंग. मग फाइलमध्ये एक ‘विंडोज असेल तर’ घातलं जातं. पुढे लिनक्सचा सर्व्हर येतो, त्याच्यासाठी आणखी एक. मग नवा मॅक येतो. जुन्या मॅकसाठी लिहिलेली अट त्यावरही खरी ठरते, पण तिच्या आतला पाथ चुकीचा निघतो. प्रत्येक वेळी दुरुस्ती होते आणि पुढच्या मशीनवर तोच त्रास पुन्हा सुरू होतो.

याचं मूळ एकाच सवयीत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपण इमॅक्सला विचारतो, ‘ही कुठली ऑपरेटिंग सिस्टिम?’ (‘सिस्टिम-टाइप’ हे व्हेरिएबल तेच सांगतं) आणि आपल्याला हवं असतं भलतंच उत्तर: अमुक प्रोग्रॅम इथे आहे का, तमुक फॉन्ट बसवलाय का, समोर खिडकी आहे की टर्मिनल. सिस्टिमच्या नावावरून आपण त्या उत्तराचा अंदाज बांधतो, आणि मशीन बदललं की अंदाज चुकतो. म्हणून साफसफाई करायची म्हणजे अटी नीट मांडून ठेवायच्या असं नाही. प्रत्येक अटीतला प्रश्न बदलायचा. बहुतेक अटी त्यानंतर आपोआप गळून पडतात.

फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच टाइप करायची.

आधी नक्की कुठली फाइल लोड होतेय ते बघा

अटींना हात लावण्याआधी हे तपासलंच पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. इमॅक्स सुरू झाल्यावर ‘सी-एच व्ही’ (कंट्रोल आणि एच एकत्र, मग व्ही) दाबून ‘युजर-इनिट-फाइल’ची किंमत बघा. इमॅक्स 27 पासून .कॉन्फिग/इमॅक्स हे फोल्डरही चालतं, पण होम फोल्डरमध्ये जुनी .इमॅक्स फाइल किंवा .इमॅक्स.डी फोल्डर असेल तर मान त्याला मिळतो. एखाद्या मशीनवर कधीकाळची दोन ओळींची .इमॅक्स फाइल पडून असते, आणि तुम्ही नव्या फोल्डरमधली फाइल कितीही सुधारली तरी ती वाचलीच जात नाही.

विंडोजवर आणखी एक गोष्ट. ‘होम’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नसेल तर इमॅक्स ~ या चिन्हाचा अर्थ ॲपडेटामधलं रोमिंग फोल्डर असा घेतो. गिट बॅश (विंडोजवर गिटसोबत येणारं टर्मिनल) मात्र त्याच चिन्हाचा अर्थ तुमच्या नावाचं युजर फोल्डर असा घेतं. म्हणजे गिटने फाइल एकीकडे ठेवली आणि इमॅक्स दुसरीकडे शोधतोय. उपाय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे: युजर पातळीवर ‘होम’ व्हेरिएबल तयार करा आणि त्यात तुमच्या युजर फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. इनिट फाइलमधून ते बदलून उपयोग नाही. ती फाइल वाचली जाईपर्यंत इमॅक्सने होम कुठे ते ठरवलेलं असतं. एवढं केलं की ‘विंडोज असेल तर हा पाथ, नाहीतर तो पाथ’ अशा कितीतरी ओळी लगेच काढून टाकता येतात. उरलेल्या पाथसाठी ‘लोकेट-युजर-इमॅक्स-फाइल’ वापरा. फाइलचं नाव दिलं की पूर्ण पाथ तेच फंक्शन जोडून देतं.

फाइल बरोबर असेल आणि तरी मोडत असेल, तर टर्मिनलमधून ‘--डीबग-इनिट’ लावून इमॅक्स सुरू करा. नेमका कुठल्या फंक्शनमध्ये गाडी अडली ते बॅकट्रेसमध्ये (एररपर्यंत चाललेल्या फंक्शनच्या यादीत) दिसतं. ‘-क्यू’ (मोठ्या लिपीतला; इनिट फाइल न वाचता) लावून सुरू केल्यावरही बिघाड राहिला तर दोष तुमच्या फाइलमध्ये नाही. आणि इमॅक्स 29 किंवा पुढचा असेल तर ‘--इनिट-डिरेक्टरी’ हा ऑप्शन या कामासाठी फार मोलाचा आहे. सगळ्या फोल्डरची एक प्रत काढा, साफसफाई त्या प्रतीत करा आणि इमॅक्सला ती प्रत दाखवून सुरू करा. रोजच्या कामाचा इमॅक्स शाबूत राहतो.

आता अटी शोधा

‘सिस्टिम-टाइप’ आणि ‘विंडो-सिस्टिम’ हे दोन शब्द सगळ्या फाइलमध्ये ग्रेपने (मजकूर शोधणारा प्रोग्रॅम) शोधा. समोर आलेल्या प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा: इथे सिस्टिमचं नाव कशासाठी बघितलंय?

काही अटी तर कधीच खऱ्या होत नाहीत, आणि इमॅक्स त्याबद्दल तक्रारही करत नाही. ‘सिस्टिम-टाइप’ची किंमत सिंबल (अवतरणाशिवायचं नाव) असते, स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) नव्हे. मॅकवर ती ‘डार्विन’ असते; तिची ‘इक्यू’ने अवतरणातल्या "डार्विन"शी तुलना केली तर उत्तर कायम निल (म्हणजे ‘नाही’). लिनक्ससाठीचं सिंबल ‘ग्नू/लिनक्स’ असं आहे. नुसतं ‘लिनक्स’ लिहिलं तरी निल. अशी अट असूनही वर्षानुवर्षं सगळं ठीक चाललं असेल, तर आतला कोड नकोच होता. सरळ उडवा.

‘विंडो-सिस्टिम’चंही तसंच; खिडक्या कुठली यंत्रणा दाखवते ते त्यात असतं. लिनक्सवर त्याची किंमत ‘एक्स’ असणार असं धरून खूप जणांनी अटी लिहिल्या. इमॅक्स 29 मध्ये वेलँड या एक्सऐवजीच्या नव्या यंत्रणेसाठी पीजीटीके नावाचा बिल्ड आला आणि त्यात ती किंमत ‘पीजीटीके’ झाली. लिनक्स तोच, मशीन तेच, पण ‘एक्स’च्या अटीतलं सगळं एकाएकी बंद. ज्याला फक्त ‘खिडकी आहे का’ एवढंच विचारायचं होतं, त्याने ‘डिस्प्ले-ग्राफिक-पी’ वापरलं असतं तर काहीच मोडलं नसतं. टूलबार किंवा स्क्रोलबार बंद करण्याच्या ओळींनाही सिस्टिमचं नाव लागत नाही. ‘एफबाउंडपी’ने ते फंक्शन या बिल्डमध्ये आहे का ते विचारा. सर्व्हरवर खिडकीविना बांधलेला इमॅक्स असतो, तिथे ‘स्क्रोल-बार-मोड’ नसतोच.

सगळ्यांत घातक म्हणजे ‘मॅक असेल तर हे, नाहीतर ते’ असा दोनच फाट्यांचा ‘इफ’. लिहिताना दोनच मशीन होती म्हणून ‘नाहीतर’चा अर्थ विंडोज धरलेला असतो. तिसरं मशीन आलं की ते मुकाट्याने चुकीच्या फाट्यात जातं. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) हे त्याचं नेहमीचं उदाहरण: मशीन विंडोजचं, पण आतला इमॅक्स स्वतःला ‘ग्नू/लिनक्स’ सांगतो. आणि इमॅक्स 30 पासून अँड्रॉइडवरही इमॅक्स आहे, तिथे ‘सिस्टिम-टाइप’ आणखी वेगळा.

प्रोग्रॅम आणि पाथ

मॅकवर डायर्ड (इमॅक्समधली फोल्डरची यादी) उघडला की ‘एलएस डझ नॉट सपोर्ट --डायर्ड’ असा निरोप अनेकांनी पाहिला असेल. मॅकसोबत येणारा ‘एलएस’ (फाइलींची यादी देणारा प्रोग्रॅम) बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या वळणाचा आहे. ग्नूच्या ‘एलएस’चे सगळे लांब ऑप्शन तो ओळखत नाही. होमब्रू या प्रोग्रॅम बसवायच्या साधनाने ‘कोअरयुटिल्स’ बसवलं की ग्नूचा ‘एलएस’ ‘जीएलएस’ या नावाने मिळतो. यावरचा सर्रास दिसणारा इलाज असा: ‘डार्विन’ असेल तर ‘इन्सर्ट-डिरेक्टरी-प्रोग्रॅम’ म्हणजे /यूएसआर/लोकल/बिन/जीएलएस.

या एका ओळीत दोन अंदाज बांधलेले आहेत. पहिला, मॅक आहे म्हणजे कोअरयुटिल्स बसवलेलं असणारच. दुसरा, होमब्रू /यूएसआर/लोकल मध्येच असणार. ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले तेव्हा होमब्रूचं ठिकाण /ऑप्ट/होमब्रू झालं आणि हा दुसरा अंदाज कोसळला. ‘सिस्टिम-टाइप’ तेव्हाही ‘डार्विन’च होता. प्लॅटफॉर्म न बदलता प्लॅटफॉर्मचा कोड मोडला, यातच सगळं आलं.

त्याऐवजी ‘एक्झिक्युटेबल-फाइंड’ला "जीएलएस" विचारा, सापडला तर वापरा, नाहीतर हात लावू नका. फोल्डर आधी दाखवणारा ‘--ग्रुप-डिरेक्टरीज-फर्स्ट’ हा ऑप्शन हवा असेल तर तेही थेट त्या प्रोग्रॅमलाच विचारता येतं: ‘कॉल-प्रोसेस’ने तो ऑप्शन देऊन, सोबत ‘-डी’ आणि एक टिंब लावून प्रोग्रॅम एकदा चालवून बघा. शून्य (म्हणजे काम जमलं) आलं तर ‘डायर्ड-लिस्टिंग-स्विचेस’मध्ये ऑप्शन घाला. प्रोग्रॅमच नसेल तर ‘कॉल-प्रोसेस’ एरर देतं, म्हणून भोवती ‘इग्नोर-एरर्स’ हवं. विंडोजवर डायर्ड मुळात बाहेरचा ‘एलएस’ चालवत नाही, आतलं ‘एलएस-लिस्प’ वापरतो. तेच सगळीकडे वापरायची तयारी असेल तर ‘रिक्वायर’ने ‘एलएस-लिस्प’ लोड करा, ‘एलएस-लिस्प-यूज-इन्सर्ट-डिरेक्टरी-प्रोग्रॅम’ निल करा, ‘एलएस-लिस्प-डर्स-फर्स्ट’ टी (म्हणजे ‘होय’) करा आणि सगळ्या मशीनवर एकसारखी यादी मिळवा. मला हाच मार्ग जास्त आवडतो. थोडा वेग जातो, पण एकही अट उरत नाही.

मॅकवर याला जोडून येणारी तक्रार म्हणजे टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम सापडतो, इमॅक्सला सापडत नाही. डॉकवरून उघडलेल्या ॲपला तुमच्या शेलचा पाथ (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) मिळत नाही. मोजकी सिस्टिम फोल्डरं तेवढी मिळतात. त्यासाठी ‘एक्झेक-पाथ-फ्रॉम-शेल’ हे पॅकेज वापरतात आणि तेही बहुधा ‘मॅक असेल तर’च्या आत बसवतात. पण लिनक्सवर सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरू केलेल्या इमॅक्स डीमनलाही (मागे चालत राहणारा इमॅक्स) शेलचं एन्व्हायर्नमेंट मिळालेलं नसतं. तिथे प्रश्न असा हवा की हा इमॅक्स शेलमधून सुरू झालाय का. डीमन असेल, किंवा खिडकी असेल आणि सिस्टिम विंडोज नसेल, तर पॅकेज चालवा. ‘विंडोज नसेल’ हा तुकडा मी मुद्दाम ठेवतो, कारण विंडोजवर वाचायला तसा लॉगिन शेलच नसतो.

देवनागरी फॉन्ट

मराठी लिहिणाऱ्यांच्या इनिट फाइलमध्ये सर्वांत लांबलचक ‘कॉन्ड’ (अनेक फाट्यांची अट) इथेच सापडतो. विंडोज असेल तर निर्मला यूआय, मॅक असेल तर कोहिनूर देवनागरी, लिनक्स असेल तर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित. दिसायला मुद्देसूद, पण मॅकवर नोटो बसवला किंवा लिनक्सवर नोटो नसला की गडबड.

इथे अट लागतच नाही. इमॅक्सचा फॉन्टसेट मुळात पर्यायांची यादीच असतो. यादीतला नसलेला फॉन्ट तो सोडून देतो आणि पुढचा बघतो. ‘सेट-फॉन्टसेट-फॉन्ट’ला पहिला पॅरामीटर टी, दुसरा ‘देवनागरी’ आणि तिसरा ‘फॉन्ट-स्पेक’ने दिलेलं फॉन्टचं कुटुंब. पहिला आवडता फॉन्ट असा साधा लावायचा, म्हणजे आधीची यादी पुसली जाते. पुढचे सगळे फॉन्ट शेवटच्या पॅरामीटरमध्ये ‘अपेंड’ देऊन जोडायचे. नोटो, मग निर्मला, मग कोहिनूर, मग लोहित. चार ओळी आणि त्यात ‘सिस्टिम-टाइप’ कुठेच नाही.

लावल्यावर खात्री करून घ्या. ‘दुसऱ्या’, ‘क्षेत्र’, ‘विठ्ठल’ असे शब्द टाइप करा, कर्सर ‘ऱ्या’वर न्या आणि ‘सी-यू सी-एक्स =’ दाबा. उघडणाऱ्या बफरमध्ये ते अक्षर कुठल्या फॉन्टमधून आलं आणि कुठली अक्षरं जोडून बनलं ते लिहिलेलं असतं. तुटका र आणि सुटा हलन्त दिसत असेल तर आधी हे बघा. फॉन्ट भलताच लागलेला असतो, किंवा तो इमॅक्स जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीशिवाय बांधलेला असतो. इमॅक्स 27 पासून त्यासाठी हार्फबझ वापरता येतं, आणि ‘सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स’ या व्हेरिएबलमध्ये त्याचं नाव आहे की नाही ते दिसतं. मॅकच्या बिल्डमध्ये ते काम मॅकची स्वतःची यंत्रणा करते, तेव्हा तिथे नाव नसलं तरी काळजी नको.

मुख्य फॉन्टचं मात्र वेगळं आहे. ‘सेट-फेस-ॲट्रिब्यूट’ला ‘:फॉन्ट’ देऊन नसलेल्या फॉन्टचं नाव सांगितलं तर एरर येते आणि फाइल तिथेच थांबते. ही सुरुवातीला सांगितलेली तक्रार. तेच ‘:फॅमिली’ने सांगितलं तर इमॅक्स जवळचा फॉन्ट घेऊन पुढे जातो. नावांच्या यादीतून असलेला पहिला निवडायचा असेल तर ‘फॉन्ट-फॅमिली-लिस्ट’शी ताडून बघा. डीमन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: डीमन सुरू होताना खिडकी नसते, त्यामुळे ती यादी रिकामी येते आणि एकही फॉन्ट नाही असं उत्तर मिळतं. फॉन्टचं काम एका फंक्शनमध्ये घाला आणि ते ‘सर्व्हर-आफ्टर-मेक-फ्रेम-हुक’ला लावा, डीमन नसेल तर थेट चालवा.

कीबोर्डबद्दलही सांगायला हवं. प्रत्येक सिस्टिमचा मराठी कीबोर्ड वेगळा, आणि तो चालू असताना ‘सी-एक्स’सारख्या कमांड चालत नाहीत म्हणून लोक त्यावर सिस्टिमनिहाय तोडगे लिहितात. इमॅक्सच्या आतली इनपुट मेथड वापरली तर हा सगळा कोड जातो. ‘डीफॉल्ट-इनपुट-मेथड’ला "देवनागरी-आयट्रान्स" द्या आणि ‘सी-\’ने चालू-बंद करा. तिन्ही सिस्टिमवर बोटांना एकच सवय, आणि कमांडही शाबूत.

डब्ल्यूएसएलचा क्लिपबोर्ड

टर्मिनलमधल्या इमॅक्समधून विंडोजच्या क्लिपबोर्डवर मजकूर पाठवायला लोक ‘क्लिप.एक्सई’ वापरतात. इंग्रजी नीट जातं. मराठी पेस्ट केलं की जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. ‘क्लिप.एक्सई’ आलेले बाइट यूटीएफ-8 आहेत असं मानत नाही, सिस्टिमचं जुनं कोडपेज (ठरावीक भाषांपुरता अक्षरांचा तक्ता) धरून वाचतं. त्याला यूटीएफ-16एलई द्यावं लागतं: ‘कॉल-प्रोसेस-रीजन’ भोवती ‘लेट’ने ‘कोडिंग-सिस्टिम-फॉर-राइट’ला ‘यूटीएफ-16एलई’ बांधा, मराठी जसंच्या तसं पोचतं.

हा कोड कुठल्या अटीत ठेवायचा? कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नावात ‘मायक्रोसॉफ्ट’ शोधणारी अट बऱ्याच फाइलमध्ये दिसते. डब्ल्यूएसएल 1 मध्ये त्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं होतं, डब्ल्यूएसएल 2 मध्ये ते लहान झालं, आणि अक्षराचा आकार बघणाऱ्या अटी तिथे फसल्या. ‘खिडकी नाही आणि क्लिप.एक्सई सापडतं’ एवढंच विचारा. काम त्या प्रोग्रॅमशी आहे, कर्नलशी नाही.

जे खरंच सिस्टिमचं आहे

एवढं झाल्यावर थोडं शिल्लक राहतं आणि ते राहू द्यावं. मॅकवर कमांड आणि ऑप्शन या कींचा अर्थ ठरवणं हे मॅकचंच काम. ‘मॅक-राइट-ऑप्शन-मॉडिफायर’ला ‘नन’ दिलं की उजवी ऑप्शन की खास अक्षरांसाठी मोकळी राहते. इतर सिस्टिमवर या ओळीला अर्थच नाही.

हे उरलेलं प्रत्येक सिस्टिमच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि इनिट.ईएलच्या शेवटी एकाच ओळीने लोड करा. फाइलचं नाव ‘सिस्टिम-टाइप’वरून बनवायचं, म्हणजे ओएस-डार्विन.ईएल, ओएस-विंडोज-एनटी.ईएल. इथे एक खाचखळगा आहे: ‘ग्नू/लिनक्स’ या नावात तिरकी रेघ आहे. तसंच नाव जोडलं तर इमॅक्स ‘ओएस-ग्नू’ नावाच्या फोल्डरमध्ये लिनक्स.ईएल शोधतो, आणि फाइल नसली तरी चालेल असं ‘लोड’ला सांगितलेलं असल्यामुळे एररही येत नाही. ‘रिप्लेस-रेजएक्स-इन-स्ट्रिंग’ने रेघेच्या जागी हायफन घाला.

सोबत ‘कस्टम-फाइल’ वेगळी करा. कस्टमाइझच्या मेनूतून बदललेलं सगळं एरवी इनिट.ईएलमध्येच लिहिलं जातं, आणि एका मशीनचा फॉन्ट-आकार गिटमधून दुसऱ्या मशीनवर जातो. कस्टम.ईएल, ईएलपीए, ईएलएन-कॅश आणि ट्री-सिटर ही नावं गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या नावांच्या यादीत) हवीत. ट्री-सिटर या कोडची रचना ओळखणाऱ्या लायब्ररीचे ग्रामर आणि व्हीटर्म या इमॅक्समधल्या टर्मिनलचं मोड्यूल प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळे कंपाइल होतात. ते एकीकडून दुसरीकडे नेऊन चालत नाहीत.

विंडोजवर एक अडचण कुठल्याही साफसफाईने जाणार नाही. इमॅक्स बाहेरच्या प्रोग्रॅमला जे शब्द पाठवतो ते सिस्टिमच्या कोडपेजमध्ये बसावे लागतात, आणि त्या जुन्या कोडपेजांत देवनागरी बसत नाही. म्हणून ‘सी-एस’ने बफरमध्ये ‘पाऊस’ सापडतो, पण तोच शब्द ‘आरग्रेप’ला (बाहेरच्या ग्रेपने फाइलींत शोधणारी कमांड) दिला की काहीच सापडत नाही. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-8 वापरायचा ‘बीटा’ असं लिहिलेला पर्याय आहे. तो चालू करून मशीन रीस्टार्ट केलं की शोध चालू होतो. मात्र तो सगळ्या विंडोजला लागू होतो, आणि जुनी सॉफ्टवेअरं त्याने बिघडू शकतात. ऑफिसच्या मशीनवर तो बदल करता येत नसेल तर फाइल उघडून ‘मल्टी-ऑकर’ने शोधा; ते काम इमॅक्सच्या आतच होतं, बाहेरचा प्रोग्रॅम मध्ये येत नाही.